पान अडतं कुठे?

प्रिंटरच्या खोक्यावर ‘मिनिटाला ३० पानं’ असं छापलेलं असतं. म्हणजे एका पानाला दोन सेकंद. ऑफिसात मात्र लॅपटॉपवरून एकच पान छापायला दिलं, तरी ते हातात पडायला कधी कधी दीड मिनिट लागतं. दोन सेकंदांचं काम आणि नव्वद सेकंदांचा खोळंबा. मधले ८८ सेकंद ते पान होतं कुठे?

बहुतेक ऑफिसांत या प्रश्नाचं एकच उत्तर ठरलेलं असतं: ‘नेटवर्क स्लो आहे.’ कुणी प्रिंटर बंद-चालू करतं, कुणी तीच प्रिंट तीनदा देतं आणि मग एकदम तीन प्रती बाहेर पडतात. खरं तर हा प्रश्न नीट विचारला की अर्ध्या शतकाची कल्पकता उलगडत जाते. आपण रोज ज्या यंत्राला शिव्या घालतो, ते किती अचाट गोष्टी किती कमी वेळात करतं हे कळतं. आणि एक फार कामाची गोष्ट हाती लागते: संथपणाला पत्ता असतो. त्या ८८ सेकंदांतला बराचसा वेळ कुणीच काम करत नसतं. एक यंत्र दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसलेलं असतं. ती जागा सापडली की दुरुस्ती बऱ्याचदा पाच मिनिटांची निघते.

प्रिंटरसाठी जन्मलेलं नेटवर्क

भिंतीतून आलेली लॅनची केबल ज्या तंत्रावर चालते ते इथरनेट. त्याच्या जन्मामागचं एक मोठं कारण प्रिंटर होता, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची ‘पार्क’ नावाची संशोधन संस्था होती. १९७१ मध्ये गॅरी स्टार्कवेदर तिथे दाखल झाले. त्याआधी ते न्यूयॉर्क राज्यातल्या कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळेत होते आणि तिथल्या वरिष्ठांना त्यांची कल्पना पसंत नव्हती. कॉपी मशीनमध्ये मूळ कागदावरून परतलेला प्रकाश ड्रमवर पडतो आणि तिथे चित्र उमटतं. स्टार्कवेदर म्हणत होते, मूळ कागदाची गरजच काय? संगणकाच्या हुकमाने उघडझाप करणारा लेझरचा किरण थेट ड्रमवर फिरवू. पार्कमध्ये त्यांनी कंपनीच्याच एका कॉपी मशीनमध्ये लेझर बसवला आणि लेझर प्रिंटर तयार झाला.

त्याच इमारतीत ‘अल्टो’ नावाचे छोटे संगणक घडत होते, एका माणसाला एक या हिशेबाने. प्रत्येकाला स्वतंत्र प्रिंटर देणं शक्यच नव्हतं. सगळे संगणक एकमेकांना आणि त्या एका प्रिंटरला जोडायचे होते. बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ या तारखेच्या टिपणात त्यासाठी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती उभी केली.

आता आकडे बघा. तो प्रिंटर सेकंदाला एक पान छापायचा, इंचाला ५०० ठिपके या बारकाईने. साडेआठ बाय अकरा इंचांच्या अमेरिकन कागदावर त्याचे सुमारे २ कोटी ३४ लाख ठिपके होतात. पहिल्या इथरनेटमधून सेकंदाला जात होते २९ लाख ४० हजार बिट. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी एक पान पोचायला आठ सेकंद लागले असते. म्हणजे पहिल्याच दिवशी नेटवर्क प्रिंटरपेक्षा आठपट हळू होतं!

यावर त्या मंडळींनी काढलेला तोडगा आजही आपण वापरतो. त्यांनी ठिपके पाठवलेच नाहीत. कोणतं अक्षर कुठे हवं एवढंच तारेतून पाठवलं, आणि ठिपके पाडण्याचं काम प्रिंटरशेजारच्या यंत्रावर सोपवलं. ते यंत्र बटलर लॅम्पसन आणि रॉन रायडर यांनी घडवलं होतं.

फोनवरून कुणाला रांगोळी सांगायची असेल तर रांगोळीचा कण न् कण कुठे पडला हे आपण सांगत नाही. ‘अकरा ते सहा ठिपके काढ, कडेचे जोडत कमळं कर’ एवढं पुरतं. निरोप चिमुकला असतो, रांगोळी अंगणभर होते. फक्त दोन अटी असतात. पलीकडच्या माणसाला ती भाषा कळली पाहिजे, आणि रांगोळी काढायला त्याला वेळ दिला पाहिजे. लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यातला सगळा व्यवहार या दोन अटींवर चालतो, आणि तो रखडतो तेव्हाही बहुधा यातलीच एखादी अट मोडलेली असते.

ही भाषा पुढे फार देखणी झाली. पार्कमधूनच बाहेर पडलेल्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ च्या डिसेंबरात अ‍ॅडोबी कंपनी काढली आणि पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा घडवली. १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर प्रिंटर ती भाषा समजणारा म्हणून बाजारात आला. त्याला जोडणाऱ्या तारेचा वेग सेकंदाला जेमतेम २ लाख ३० हजार बिट होता. ठिपके पाठवायचे म्हटले असते तर एका पानाला ३६ सेकंद लागले असते. म्हणून प्रिंटरच्या आतच एक दणकट संगणक बसवला. त्याचा प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा होता, आणि ज्या मॅकिंटॉशवरून प्रिंट द्यायची त्याचा आठच्या आसपास. हुकूम देणाऱ्यापेक्षा हुकूम पाळणारा जास्त ताकदवान होता! एचपीची पीसीएल ही दुसरी भाषाही त्याच सुमारास लेझरजेट प्रिंटरबरोबर पसरली. आज ड्रायव्हर टाकताना ‘पीसीएल ६’ की ‘पीएस’ असं विचारलं जातं, तेव्हा आपण याच दोन भाषांमधून एक निवडत असतो.

‘दुसऱ्या’ हा एक शब्द

आता एक शब्द जवळून बघू. पत्रात ‘दुसऱ्या’ असं टाइप केलं. लॅपटॉपच्या स्मरणात त्याचे सात संकेत असतात: द, उकार, स, नुक्त्याचा र, हलन्त, य आणि काना. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे सगळे मिळून २१ बाइट. पण कागदावर सात चिन्हं एकापुढे एक मांडून चालत नाही. उकार द च्या खाली जायला हवा. नुक्त्याचा र, हलन्त आणि य मिळून आपला तो खास मराठी ‘ऱ्य’ व्हायला हवा, ज्याच्याशिवाय ‘दुसऱ्या’ वाचताच येणार नाही. ही जुळणी लॅपटॉप करतो, फॉन्टमध्ये लिहून ठेवलेल्या नियमांवरून. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट ज्यांनी रेखाटला ते र. कृ. जोशी आपल्या मुंबईचे, आयआयटीत अक्षरकला शिकवायचे. सरकारी कचेऱ्यांतली किती पत्रं त्यांच्या अक्षरांत छापली गेली असतील!

छपाईच्या वेगाशी याचा थेट संबंध आहे. कितीतरी प्रिंटरांच्या पोटात काही फॉन्ट कायमचे बसवलेले असतात, पण ते रोमन लिपीचे. इंग्रजी पत्र त्या फॉन्टात असेल तर ‘ए हवा, बी हवा’ एवढं सांगून भागतं. देवनागरी पत्राच्या वेळी ड्रायव्हरला अक्षरांचे आकारही सोबत पाठवावे लागतात. ड्रायव्हर जुना किंवा अडाणी असेल तर तो सरळ अख्ख्या ओळीचं चित्र करून टाकतो. मजकूर तेवढाच, पण निरोप कितीतरी पट जड होतो. काही ड्रायव्हरांत सगळा मजकूर चित्र म्हणून पाठवण्याचा एक पर्यायही असतो. अक्षरं बिघडतात म्हणून कुणीतरी तो कधीकाळी चालू केलेला असतो आणि पुढे वर्षानुवर्षं तो तसाच राहतो.

जड म्हणजे किती जड? ए-फोर कागदावर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके बसतात. नुसतं काळं-पांढरं असेल तर साधारण ४३ लाख बाइट. रंगीत असेल आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागत असतील तर १० कोटी ४० लाख. प्रत्यक्षात दाबून लहान केलेली माहिती जाते, पण तफावत लक्षात यावी. साध्या पत्राचं वर्णन काही हजार बाइटांत आटोपतं.

म्हणून वीस पानांचा स्कॅन केलेला जीआर फसवा असतो. मेलमधून आलेली पीडीएफ चार-पाच एमबीची दिसते. ती उलगडली की इंचाला ३०० ठिपक्यांच्या रंगीत स्कॅनचं एकेक पान २ कोटी ६० लाख बाइटांचं होतं आणि वीस पानांचे ५० कोटींच्या वर जातात. त्यावर एखादा पुसट शिक्का, पारदर्शक थर किंवा सही चिकटवलेली असेल तर हिशेब आणखी वाढतो. अशा वेळी काळ्या-पांढऱ्यात छापा, बारकाई ६०० वर ठेवा. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ असा पर्याय असतो तोही एकदा करून बघा. त्याने छपाई झटकन झाली, तर पानाचं वर्णन समजून घेतानाच प्रिंटर अडकत होता हे सिद्ध झालं.

हे सगळं तयार झालं की विंडोजचा स्पूलर ते एका फोल्डरात ठेवतो आणि तिथून हळूहळू प्रिंटरकडे सोडतो. प्रत्येक प्रिंटच्या दोन फायली असतात. एकीत मजकूर, दुसरीत कुणी दिली, कुठे जायची, किती प्रती हा तपशील. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर इथेच गाडं अडतं. आधी अडकलेली एखादी बिघडलेली प्रिंट मागच्या सगळ्यांना थोपवून धरते. स्पूलरची सर्व्हिस थांबवायची, तो फोल्डर रिकामा करायचा, सर्व्हिस पुन्हा चालू करायची. मात्र त्याआधी रांगेत दुसऱ्या कुणाची प्रिंट नाही ना, हे विचारून घ्यावं.

एकच हवा, सगळ्यांची

लॅपटॉपमधून निघालेली प्रिंट आज बहुधा वायफायवरून जाते. वायफायचं मूळही जुनं आहे. १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी अलोहानेट हे रेडिओवर चालणारं नेटवर्क सुरू केलं. सगळ्यांनी एकाच लहरीवर बोलायचं, दोघे एकदम बोलले तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं. मेटकाफ यांनी इथरनेटसाठी यातूनच धडा घेतला. तारेच्या इथरनेटने पुढे स्विच आणून प्रत्येकाला स्वतंत्र वाट दिली. वायफायला ती सोय नाही. एका चॅनेलवर एका क्षणी साधारणपणे एकानेच बोलायचं, हा नियम अजून चालू आहे.

यातून दोन परिणाम निघतात, आणि ते ऑफिसात फारसे कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

पहिला परिणाम: लॅपटॉपही वायफायवर आणि प्रिंटरही वायफायवर असेल तर प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो. लॅपटॉपकडून राउटरकडे, मग राउटरकडून प्रिंटरकडे. तीच हवा दोनदा अडते. प्रिंटरला लॅनची केबल लावली की हवेतला भार सरळ निम्मा होतो. ऑफिसात एकच गोष्ट करायची असेल तर मी हीच सुचवेन. प्रिंटर काही उठून फिरत नाही. त्याला वायफायची गरज काय?

दुसरा परिणाम: हवेतला वेळ वाटला जातो, वेग नव्हे. कोपऱ्यातल्या भिंतीआड बसलेला लॅपटॉप क्षीण सिग्नलमुळे कमी वेगाने बोलतो. तेवढीच माहिती द्यायला तो जास्त वेळ हवा अडवतो आणि राउटरखाली बसलेल्यालाही थांबावं लागतं. बरेचसे प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात आणि तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वर-खालच्या मजल्यांवरची ऑफिसं, ब्लूटूथ, चहाच्या टेबलावरचा मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच पट्ट्यात असतात. लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झवर घ्या आणि प्रिंटर केबलवर, की ही गर्दीच उरत नाही.

उत्तराची वाट

आता सगळ्यात गमतीचा भाग. माहिती जड नाही, हवा मोकळी आहे, तरी पान येत नाही. अशा वेळी कुणीतरी वाट बघत असतं.

संगणकाच्या वाट बघण्याला एक ओळखखूण असते. ती पानांच्या संख्येवर अवलंबून नसते. एक पान दिलं तरी ४० सेकंद उशीर, वीस पानं दिली तरी सुरुवातीला तेवढेच ४० सेकंद आणि मग पानं भराभर बाहेर. असं दिसलं की समजावं, कुणीतरी प्रश्न विचारतंय, उत्तर मिळत नाहीये, ठरावीक वेळ थांबून पुन्हा विचारतंय आणि शेवटी कंटाळून पुढे जातंय. उलट पानांबरोबर उशीरही वाढत गेला तर दोष भारात आहे. ही एक परीक्षा केली की अर्धा शोध संपतो.

विंडोज प्रिंटरला एसएनएमपी नावाच्या पद्धतीने हालहवाल विचारत असतो: कागद आहे का, टोनर आहे का, दार उघडं आहे का. प्रिंटर बदलला, त्याची सेटिंग बदलली किंवा मधल्या फायरवॉलने हे प्रश्न अडवले, की उत्तर येत नाही. समोर धडधाकट चालू असलेला प्रिंटर लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ दिसतो, किंवा प्रत्येक प्रिंट आधी रेंगाळते. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, तिथे कॉन्फिगर पोर्ट, आणि तिथली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ही खूण काढून बघा. एका टिचकीत अनेक ऑफिसांचा त्रास संपलेला आहे.

पोर्टच्याच यादीत आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. विंडोजने प्रिंटर आपोआप शोधला असेल तर त्याचा पोर्ट बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ असतो. ही पद्धत प्रिंटर कुठे आहे हे नेटवर्कवर पुकारा करून शोधते. घरी ती सोयीची आहे. ऑफिसात जिथे विभाग वेगळे केलेले असतात तिथे हा पुकारा पलीकडे पोचत नाही. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट करून प्रिंटरचा आयपी पत्ता द्यावा, आणि राउटरमध्ये तो पत्ता त्या प्रिंटरसाठी राखून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आली की प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि सगळे लॅपटॉप जुन्या घराचं दार ठोठावत बसतात.

लॅपटॉपची म्हणून एक खास अडचण असते. तो फिरतो, आणि जिथे गेला तिथला प्रिंटर त्याच्या यादीत राहतो. वर्ड आणि एक्सेल फाइल उघडतानाच डीफॉल्ट प्रिंटरकडे चौकशी करतात, कारण पानाची मांडणी त्याच्या मापांवर ठरते. तो प्रिंटर जुन्या ऑफिसात राहिला असेल तर फाइल उघडायलाच वेळ लागतो, आणि कुणाच्या स्वप्नातही येत नाही की यात प्रिंटरचा हात आहे. बंद पडलेले, सोडून आलेले प्रिंटर यादीतून काढून टाका.

आणि मग अंतर. समजा माणूस कोल्हापुरात, प्रिंटरही कोल्हापुरात त्याच्या हाताशी, पण प्रिंट सर्व्हर पुण्याच्या मुख्य ऑफिसात. प्रिंट दिली की ती पुण्याला जाते आणि तिथून परत कोल्हापूरला येते. ४० एमबीची प्रिंट आणि सेकंदाला १० मेगाबिटची लाइन असेल तर नुसतं जायलाच ३२ सेकंद, आणि परत यायला वेगळे. व्हीपीएन चालू असताना तर दोन हातांवरचा प्रिंटरही त्या लांबच्या वाटेनेच दिसतो किंवा दिसतच नाही. विंडोज सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून शाखेतल्या लॅपटॉपने परस्पर जवळच्या प्रिंटरला माहिती द्यावी अशी सोय आहे. सर्व्हर फक्त हिशेब ठेवतो. आयटी विभागाकडे ही मागणी जरूर करावी.

पिंग जातं, प्रिंट अडते

एक दोष मात्र असा आहे की तो समजला तेव्हा मला अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. तक्रार अशी असते: प्रिंटरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं, की उत्तर लगेच येतं, एकही हुकत नाही. नेटवर्क ठणठणीत. पण चार पानांची प्रिंट मिनिटं खाते.

केबलची दोन टोकं जोडली की स्विच आणि प्रिंटर आपसात ठरवतात, किती वेगाने बोलायचं आणि दोघांनी एकदम बोलायचं का आळीपाळीने. कधी तरी कुणी स्विचच्या त्या पोर्टवर ‘१०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स’ असं हाताने पक्कं करून ठेवतं. आता स्विच वाटाघाटी करत नाही. प्रिंटर वाटाघाटीला तयार आहे, पण समोरून उत्तर नाही. तारेवरचा संकेत बघून त्याला वेग ओळखता येतो. डुप्लेक्स, म्हणजे एकदम की आळीपाळीने, हे मात्र ओळखता येत नाही. अशा वेळी नियम असा की आळीपाळीची जुनी पद्धत धरायची. झालं! स्विच समजतो दोघं एकदम बोलू शकतात, प्रिंटर समजतो एका वेळी एकच.

विंडोजचं पिंग ३२ बाइटांचं. एक प्रश्न, मग एक उत्तर. आळीपाळीनेच, त्यामुळे टक्कर होतच नाही. प्रिंटची माहिती मात्र लोंढ्याने येते. ती येत असतानाच प्रिंटर मधूनमधून ‘मिळालं, मिळालं’ अशी पोच पाठवत असतो. तो पोच देत असताना स्विचने पुढचा तुकडा सोडला की प्रिंटरच्या लेखी ती टक्कर. तो तुकडा वाया जातो, पोच अर्धी राहते, पाठवणारा थांबतो, वेग कमी करतो, पुन्हा पाठवतो. चाचणी जितकी सौम्य, तितका दोष लपलेला. काम जितकं खरं, तितका तो उघडा. उपाय एका ओळीचा आहे: दोन्ही टोकांना ‘ऑटो’ ठेवा.

प्रिंटरच्या पोटात

एवढं करून माहिती पोचली की पुढे जे घडतं ते बघून थक्क व्हायला होतं. मिनिटाला ३० पानांच्या प्रिंटरला दोन सेकंदांत ए-फोरच्या ७०१६ ओळी आखायच्या असतात, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार. लेझर जागचा हलत नाही. त्याच्यासमोर एक बहुकोनी आरसा फिरतो आणि त्याची प्रत्येक बाजू किरणाला ड्रमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेते. सहा बाजूंचा आरसा आणि एकच किरण असेल तर मिनिटाला ३५ हजार फेरे लागतात. त्या किरणाच्या उघडझापीतून ड्रमवर विद्युतभाराचं अदृश्य चित्र उमटतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक टोनरचे कण तिथे चिकटतात आणि कागदावर उतरतात. शेवटी फ्यूजर त्यांना साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेने वितळवून कागदात पक्के करतो. ही मूळ किमया चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात एका काचपट्टीवरच्या अक्षरांची प्रत काढून पहिल्यांदा साधली होती.

यंत्राचा हा भाग क्वचितच आळशी असतो. झोपेतून उठून फ्यूजर तापायला त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून सकाळचं पहिलं पान उशिरा येतं. आणि कागदाचा प्रकार चुकून ‘जाड’ किंवा ‘लेबल’ असा राहिला असेल तर टोनर नीट वितळावा म्हणून तो मुद्दाम सावकाश चालतो. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढं तपासा.

घड्याळ लावा

आता सगळं एका कागदावर आणू. मोबाइलचं घड्याळ घ्या आणि एका प्रिंटच्या पाच वेळा टिपा.

पहिली, कंट्रोल-पी दाबल्यापासून प्रिंटची खिडकी उघडेपर्यंत. इथे उशीर असेल तर लॅपटॉप कुण्या हरवलेल्या प्रिंटरची वाट बघतोय. यादी आणि पोर्ट तपासा. दुसरी, प्रिंट दाबल्यापासून क्यूमधलं ‘स्पूलिंग’ संपेपर्यंत. इथला उशीर ड्रायव्हरचा, जड फाइलचा किंवा भरलेल्या डिस्कचा. तिसरी, ‘प्रिंटिंग’ असं दिसल्यापासून प्रिंटरचा दिवा लुकलुकू लागेपर्यंत. हा रस्ता: एसएनएमपी, डब्ल्यूएसडी, वायफाय, व्हीपीएन. चौथी, दिवा लुकलुकल्यापासून पहिलं पान पडेपर्यंत. प्रिंटर वर्णन उलगडतोय किंवा तापतोय. दुसरा ड्रायव्हर लावून बघा, पीसीएल असेल तर पीएस आणि पीएस असेल तर पीसीएल. पाचवी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पानं ठरल्या वेगाने पडत असतील तर यंत्र उत्तम आहे. थांबत थांबत पडत असतील तर माहितीच तुटक येते आहे आणि केबल, डुप्लेक्स, हवा यांच्याकडे वळायचं.

हे दोनदा करा: एकदा साध्या मजकुराच्या एका पानाने, एकदा वीस पानांच्या जड पीडीएफने. तुलनेला म्हणून प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून त्याचं कॉन्फिगरेशनचं पान काढा. ते झटकन आलं तर प्रिंटर निर्दोष सुटला. त्याच पानावर त्याचा आयपी पत्ता आणि बऱ्याचदा लिंकचा वेग आणि डुप्लेक्सही छापलेला असतो. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून तीच फाइल द्या. त्याची लगेच आली तर दोष तुमच्या लॅपटॉपात आहे, दोघांचीही रखडली तर पुढच्या वाटेवर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर नेमकं कशाने झालं हे कधीच कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

आयटीवाल्याला फोन करताना ‘प्रिंटर स्लो आहे’ असं सांगू नका. ‘दिवा लुकलुकायलाच ४० सेकंद लागतात, पान एक असो की वीस’ असं सांगा. या एका वाक्यात त्याचं अर्धं काम झालेलं असतं. आणि नवा प्रिंटर घेण्याचा प्रस्ताव साहेबांपुढे ठेवण्याआधी या पाच वेळा लिहिलेला कागद त्याला जोडा. बहुतेक वेळा तो कागद बघूनच कळेल की नवा प्रिंटर नको आहे, दोन मीटरची केबल हवी आहे.